कवड्या ठरवला गेलेला मण्यार : एका सर्पदंशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका कोरडवाहू तालुक्यात पावसाळ्यात घडलेली ही घटना आहे. माणसं आणि गाव ओळखू येऊ नये इतपत तपशील बदलले आहेत. सापाच्या शरीराबद्दलचे आणि उपचारांबद्दलचे तपशील मात्र तसेच ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे.

रुग्ण तिशीतली शेतकरी बाई. गावापासून दीड-दोन किलोमीटरवर वस्ती, दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, सारवलेली जमीन आणि मागच्या भिंतीला लागून कांद्याची चाळ. अशा जागी चाळीत उंदीर आणि दिव्याखालच्या भिंतीवर पाली असणारच. कवड्या साप पालींच्या मागे भिंती चढत घरात येतो. मण्यार उंदीर, पाली, बेडूक खातो आणि इतर सापही खातो. कवड्याही त्याला चालतो. म्हणजे एकाच घरात, एकाच रात्री हे दोन्ही साप सापडले तरी नवल नाही. कवड्या बिनविषारी आणि मण्यार भारतातल्या सर्वांत जहाल विषाच्या सापांपैकी एक. दोघेही निशाचर, दोघेही गडद अंगाचे आणि दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे.

तालुक्यात सर्पमित्रांचा एक गट आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर त्यांचे नंबर लिहिलेले आहेत. लोक साप दिसला की फोटो पाठवतात, गटातला कुणीतरी पाच-दहा मिनिटांत उत्तर देतो. या सवयीमुळे तिथे कित्येक धामणी आणि दिवड काठीखाली जायच्या वाचल्या आहेत. पुढे त्या गटाबद्दल जे लिहिलं आहे ते वाचताना एवढं लक्षात असू द्यावं.

त्या रात्री काय घडलं

अडीचच्या सुमारास बाईला मनगटापाशी काहीतरी टोचल्यासारखं वाटलं. मुंगी किंवा डास असेल म्हणून तिने हात झटकला आणि कूस बदलली. थोड्या वेळाने सासूबाईंना वाकळीच्या कडेला हालचाल दिसली. दिवा लावला तर साप. दिराने काठीने मारला, पहिलाच घाव डोक्यावर बसला. साप हातभरापेक्षा थोडा मोठा, अंदाजे दीड फुटाचा.

मनगटावर नीट पाहिलं तर काहीच नाही. सूज नाही, रक्त नाही, दोन दातांची खूण नाही. नवऱ्याने मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढला आणि गटाच्या नंबरवर पाठवला. वेळ सव्वातीन.

दहा मिनिटांत उत्तर आलं, "कवड्या वाटतोय." नवऱ्याने विचारलं, "दादा, विषारी असतो का?" उत्तर आलं, "नाही, बिनविषारी. घाबरू नका, ताईंना धीर द्या."

घर परत झोपलं. पाचला बाईच्या पोटात कळा सुरू झाल्या, मग उलटी झाली, घसा दुखायला लागला. गावातल्या खासगी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा नवऱ्याने दारातच सांगितलं की रात्री साप निघाला होता, पण तो बिनविषारी आहे, सर्पमित्रांनी बघून सांगितलं आहे. डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. सहाच्या पुढे तिला पापण्या उचलेनात. बोलणं नाकात जायला लागलं. तेव्हा सासूबाईंनी जीप काढायला लावली आणि पावणेसातला ती प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचली. दिराने मेलेला साप लोणच्याच्या बरणीत घालून सोबत घेतला होता.

फोटोत काय दिसत होतं

तो फोटो मी नंतर पाहिला. ओळख चुकली ती निष्काळजीपणाने नाही, हे त्यातून कळतं. म्हणून इथे जरा थांबतो.

मण्यार आणि कवड्या वेगळे ओळखायचा जो नियम पोस्टरांवर असतो तो असा : मण्याराचे पट्टे डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे फिके पडतात. नियम चांगला आहे, पूर्ण वाढलेल्या सापांना बहुतेक वेळा लागूही पडतो. पण मण्याराच्या लहान वयात पट्टे जास्त ठसठशीत असतात आणि पुढच्या भागातही दिसतात. वय वाढतं तसे पुढचे पट्टे पुसट होत जातात, कधी पाठीवर नुसते पांढरे ठिपके उरतात. हा साप दीड फुटी, म्हणजे अर्धवट वाढलेला. मानेच्या थोडं मागेच पट्टा होता.

त्यात फोटो सापाच्या पुढच्या अर्ध्या भागाचा. मागचा भाग वाकळीखाली. म्हणजे पट्टे शेपटीकडे ठळक होतात की फिके, हे पाहायची सोयच नव्हती. काठीच्या घावाने डोकं चेपलं होतं, त्यामुळे ते कवड्याच्या डोक्यासारखं चपटं, रुंद दिसत होतं. सारवलेल्या जमिनीची धूळ अंगाला लागून निळसर काळी चमक मातकट तपकिरी झाली होती. चपटं डोकं, मानेपाशी पट्टा, तपकिरी रंग. पाहणाऱ्याने तीन लक्षणं जुळवली आणि तिन्ही फसवी निघाली.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना धीर देऊन गेली. दाताची खूण नव्हती. विषारी साप चावला की दोन ठळक खुणा उमटतात, ही समजूत गावोगावी आहे. या जोडीच्या बाबतीत तर गंमत उलटीच आहे. कवड्याचे पुढचे काही दात मोठे असतात, तो चावला की रक्त येतं, खुणा दिसतात. मण्याराचे विषदंत लहान, चावा जवळजवळ न दुखणारा आणि जागेवर सूजही नाही. झोपेत चावला तर माणूस जागाही होत नाही.

कोणते पर्याय होते

सव्वातीन वाजता घरापुढे चार वाटा होत्या. लगेच दवाखाना गाठायचा, सकाळपर्यंत वाट पाहायची, गावातल्या डॉक्टरांकडे जायचं किंवा शेजारच्या वाडीतल्या देवऋष्याकडे. चौथी वाट सासूबाईंनी स्वतःच नाकारली. त्यांचा भाऊ तशा वाटेने गेलेला होता. दवाखाना बावीस किलोमीटरवर, रात्र, पाऊस, जीप शेजाऱ्याची. वर फोनवर जाणकाराचं उत्तर आलेलं. त्या घराने वाट पाहायचं ठरवलं याला मी अडाणीपणा म्हणणार नाही. हाती असलेल्या माहितीवर तो शहाणा निर्णय होता. माहितीच वाईट होती.

सर्पमित्रापुढेही पर्याय होते. दुसरा फोटो मागवता आला असता. "ओळख पटत नाही, आधी दवाखान्यात न्या" असं लिहिता आलं असतं. त्याने पहिल्या उत्तरात "वाटतोय" असं लिहिलं होतं, म्हणजे त्याच्या मनात शंकेला जागा होती. दुसऱ्या प्रश्नाला "नाही" म्हणताना ती गेली. नवऱ्याने गावातल्या डॉक्टरांना सांगितलं तोवर "सर्पमित्रांनी बघून सांगितलं आहे" झालं होतं. तिसऱ्या तोंडी गेलेल्या ओळखीला तिच्यामागचा फोटो किती अर्धवट होता हे चिकटलेलं नसतं.

आरोग्य केंद्रातला निर्णय

केंद्रात रात्रपाळीला तरुण वैद्यकीय अधिकारी होत्या. नवऱ्याने मोबाइल पुढे केला, दिराने बरणी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी दोन्ही बाजूला सारून बाईला सांगितलं, "ताई, वर बघा. माझ्या बोटाकडे." बाईने कपाळाला आठ्या घातल्या, भुवया वर चढल्या, पण पापण्या निम्म्यावरच राहिल्या. एका श्वासात आकडे म्हणायला सांगितले तर दहाच्या आतच दम संपला.

त्यांचा विचार, त्यांनी नंतर सांगितला तो, साधा होता. जमिनीवर झोपलेली व्यक्ती, मध्यरात्र, खूण नाही, पहाटे पोटदुखी आणि मग पापण्या पडणं. बरणीत काहीही असो, हे मण्यारच आहे असं धरून चालायचं.

तरीही ठरवायच्या गोष्टी उरल्या होत्या. सापाची ओळख खरी मानून निरीक्षणाखाली ठेवायचं का? पापण्या आणि श्वास बघता हा पर्याय लगेच बाद झाला. मग प्रतिविष इथेच सुरू करायचं की तसंच उपजिल्हा रुग्णालयात पाठवायचं? प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्याची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, केंद्रात व्हेंटिलेटर नाही. पाठवलं तर पाऊण तास वाटेत जाणार आणि श्वास कुठल्याही क्षणी थांबू शकतो. त्यांनी अ‍ॅड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवलं, काचेच्या नळीत रक्त घेऊन 20 मिनिटांची गोठण्याची चाचणी लावली आणि 10 कुप्या सलाइनमधून सुरू केल्या. रक्त नीट गोठलं, म्हणजे घोणस किंवा फुरशाच्या विषाची शक्यता मागे पडली. तासाभरात कुप्या गेल्या, अंगावर थोड्या गांधी उठल्या, त्या इंजेक्शनने बसल्या. निओस्टिग्मिन हे स्नायूंची ताकद परत आणायला मदत करणारं औषध देऊन पाहिलं. नागाच्या दंशात ते चांगलं काम करतं, मण्याराच्या दंशात बहुधा करत नाही. इथेही केलं नाही.

भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्रित चालतं. म्हणजे साप यांच्यापैकी कोणता हे नेमकं कळलं नाही तरी बाटली तीच, आणि मोठ्या माणसाला तसंच लहान मुलाला मात्रा तेवढीच. ओळखीमुळे एवढंच आधी कळतं की पुढे रक्त सांभाळायचं आहे की श्वास. तेही रुग्णाच्या शरीरावरून कळतं. "माहीत नाही" या उत्तराने उपचारांचं काही अडत नाही, "बिनविषारी" या चुकीच्या उत्तराने मात्र उपचार सुरूच होत नाहीत.

साडेआठला 108 च्या गाडीतून तिला हलवलं. वाटेत श्वास इतका उथळ झाला की परिचारिका अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत बसली होती. रुग्णालयात पोचताच घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. त्या वेळी तिचे डोळे मिटलेले, हात-पाय निपचित, बाहुल्यांची हालचाल नाही. घरच्यांनी रडायला सुरुवात केली. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना आत बोलावून सांगितलं की तिला सगळं ऐकू येत असेल, तिच्याशी बोला. मण्याराचं विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. शुद्धीला हात लावत नाही. बरी झाल्यावर बाईने सांगितलं की कुणीतरी "गेली" म्हणालेलं तिने ऐकलं होतं.

बरणीतला साप

मी प्राणिशास्त्र शिकवतो. दुसऱ्या दिवशी बरणी माझ्याकडे आली. त्या वेळी उपचारांच्या दृष्टीने तिचा काही उपयोग उरला नव्हता, पण गटाला उत्तर हवं होतं.

साप पाण्याने धुतला तशी धूळ गेली आणि काळी, निळसर झाक असलेली चमक वर आली. पट्टे मागे जाताना जोडीने, बारीक आणि शेपटीकडे अगदी स्वच्छ पांढरे. पण रंगावर मी निकाल देत नाही. रंग आणि पट्टे वयाने बदलतात, कात टाकायच्या आधी फिके पडतात, आणि एकमेकांशी दूरचं नातं असलेल्या सापांतही सारखे असू शकतात. कवड्या आणि मण्यार वेगळ्या कुळांतले; मण्याराचं जवळचं नातं नागाशी. कवड्याला लिनिअसने 1758 मध्ये शास्त्रीय नाव दिलं आणि मण्याराला श्नायडरने 1801 मध्ये. वर्गीकरण करणारे तेव्हापासून आजवर सापाचे खवले मोजतात, ते उगाच नाही. साप अंड्यातून बाहेर येतो तेव्हा त्याच्या खवल्यांची संख्या ठरलेली असते. पिल्लू वाढतं तसे खवले मोठे होतात, संख्या तीच राहते. दीड फुटाच्या मण्यारावर आणि चार फुटाच्या मण्यारावर तुम्ही एकच आकडा मोजता.

शरीराच्या मध्यावर तिरक्या ओळीने खवले मोजले : 15. कवड्याला तिथे 17 असतात. पाठीच्या मधोमध, कण्यावरची रांग भिंगाखाली पाहिली. बाजूच्या खवल्यांपेक्षा स्पष्ट मोठे, षटकोनी खवले, एकाला एक लागून. कवड्याच्या पाठीवर ही रांग वेगळी उठून दिसत नाही. मग साप उताणा केला. पोटावरच्या रुंद खवल्यांच्या पट्ट्या गुदद्वारापाशी संपल्या आणि त्यापुढे शेपटीखालीही अखंड, एकेरी पट्ट्याच निघाल्या, थेट टोकापर्यंत. कवड्याच्या शेपटीखाली त्या मधोमध दुभंगून दोन रांगा होतात. डोक्यावर नाकपुडी आणि डोळा यांच्या मधला एक छोटा खवला कवड्याला असतो, नाग-मण्याराच्या कुळाला नसतो. पण हे डोकं इतकं चेपलं होतं की तो पुरावा मी धरला नाही. धरायची गरजही नव्हती.

गटातल्या एकाने लगेच विचारलं, "सर, म्हणजे शेपटीखाली एकेरी खवले दिसले की विषारी समजायचं ना?" असं करू नका. मांडूळ आणि डुरक्या घोणस बिनविषारी आहेत आणि त्यांच्या शेपटीखालचे खवले एकेरी असतात. खरी घोणस आणि नाग विषारी आणि त्यांचे दुहेरी. पाठीवरच्या मोठ्या खवल्यांचंही तेच. मांजऱ्या सापालाही कण्यावर मोठे खवले असतात. कुठलंही एक लक्षण घेऊन विषारी-बिनविषारीची सीमारेषा आखता येत नाही. आधी जात ठरते, तीही दोन-तीन लक्षणं एकत्र जुळली तरच, आणि विष आहे की नाही हे जातीवरून कळतं. भारतात 300 पेक्षा जास्त जातींचे साप आहेत. मोबाइलवर पाहताना आपण त्यातल्या दहा-बारांपैकी एक निवडत असतो. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला पट्टेरी कवड्या तर मण्यारासारखा इतका दिसतो की उजेडातही घोटाळा व्हावा.

निष्पत्ती

बाई चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. मण्याराचं विष मज्जातंतूंची टोकंच खराब करतं, ती पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं, झालेली हानी भरून काढत नाही. पापण्या आधी उघडल्या, मग मान, मग हात. दहाव्या दिवशी ती घरी गेली. आवाज पूर्ववत व्हायला आणखी काही आठवडे लागले.

सर्पमित्राने रुग्णालयात जाऊन घरच्यांची भेट घेतली. सासूबाई त्याला म्हणाल्या, "बाबा, तू रात्री तीनला उठून उत्तर दिलंस. दुसरं कोण देतंय?" तो गटात आहे, पण बरेच महिने फोटोला उत्तर देत नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिला निर्णयबिंदू सव्वातीनचा. चावल्याचा संशय असताना आलेल्या फोटोला ओळखीचं उत्तर द्यायलाच नको होतं. गटाने आता तसं ठरवलं आहे : कुणाला चावलाय का, हा पहिला प्रश्न. उत्तर "हो" किंवा "कळत नाही" असेल तर "दवाखान्यात न्या, हात हलवू नका, 108 ला फोन करा" एवढंच लिहायचं. साप कोणता हे नंतर.

यावर गटात वाद झाला, आणि तो मला बिनबुडाचा वाटत नाही. जुन्या सर्पमित्रांपैकी एकाचं म्हणणं असं की धामण चावलेल्या प्रत्येकाला रात्री बावीस किलोमीटर पिटाळलं तर दोन पावसाळ्यांत लोक आमचं ऐकणं सोडतील, देवऋष्याकडे जातील. डॉक्टरांचं उत्तर होतं की धामण चावलेला माणूस चोवीस तास केंद्रात नुसता बसून राहिला तरी त्यांना चालेल, त्याला सुई टोचणार नाहीत. तडजोड म्हणून काहींनी सुचवलं की साप नि:संशय धामण असेल तर तसं सांगावं. नि:संशय म्हणजे किती, यावर गाडं अडलं ते अजून अडलेलंच आहे. माझं मत डॉक्टरांच्या बाजूने आहे. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसं दगावली असा अंदाज आहे, त्यातली निम्मी जून ते सप्टेंबरमध्ये. फुकट गेलेल्या जीपच्या फेऱ्या त्यापुढे परवडतात.

चावा नसेल तेव्हाची ओळख हा वेगळा विषय आहे, आणि तिथे गटाने पद्धत सुधारली. एका फोटोवर उत्तर नाही. डोकं बाजूने, पाठ मध्यावर आणि पूर्ण साप शेपटीसकट, हे तिन्ही मागायचे. मेलेला असेल तर काठीने उलटवून शेपटीची खालची बाजूही. डोक्याजवळ हात न्यायचा नाही, कारण मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं. जिवंत सापाच्या शेपटीची खालची बाजू दूरून कशी पाहायची, याला उत्तर नाही. तिथे "पट्ट्यांचा साप, विषारी धरून चाला" एवढंच लिहायचं ठरलं.

दुसरा निर्णयबिंदू पाचचा, गावातल्या डॉक्टरांकडचा. रात्री साप निघालेल्या घरातल्या माणसाची पहाटेची पोटदुखी पित्ताची धरण्याआधी पापण्या बघायला हव्या होत्या. त्या वेळी त्या पडल्या नसतीलही. पण दर अर्ध्या तासाने बघा, जड झाल्या की निघा, असं घरच्यांना सांगितलं असतं तरी थोडा वेळ वाचला असता.

आशाताईंनी वस्तीवर बैठक घेतली तेव्हा सापाच्या ओळखीवर फार बोललं गेलं नाही. चाळ घरापासून लांब न्यायची का, बाजा किती घरांत आहेत आणि मच्छरदाणी गादीखाली सगळीकडून खोचायची, यावर बहुतेक वेळ गेला. चाळ हलवायला खर्च फार, म्हणून ती आहे तिथेच आहे. त्या घरात दोन बाजा आल्या. माणसं पाच आहेत.